रेडिओवाल्यांची घाई

माजलगाव
१९ जून १९९४

ती. दादास,
रुचिकाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. भोसरीची खोली गळते हे मी आईला वाचून दाखवलं नाही, आप्पांना तेवढं सांगितलं. ते म्हणाले की गळतं तिथे पातेलं ठेव म्हणावं, पातेल्यांना आपल्याकडे काय तोटा आहे.

आता मोठी बातमी. आपले सुंदरराव लाऊडस्पीकरवाले डिश लावून गावाला केबल देणार आहेत. लग्नांत आता कॅसेटच वाजतात, तेव्हा त्यांनी सगळ्या जुन्या रेकॉर्डी पोत्यात भरल्या आणि लोक फुटकी भांडी मोडीत देतात तशा आपल्या दुकानात आणून थेट तराजूवर ठेवल्या. म्हणाले की वजन करा अन् एक मोठी परात द्या. आप्पा म्हणाले की मोड आमी तांब्यापितळेची घेतो, गाण्यांची न्हाई. अर्धा तास दोघांचं चाललं होतं. शेवटी परात गेली आणि पोतं मागच्या खोलीत आलं. त्यातल्या तीन फुटक्या निघाल्या. बाकी प्रत्येकीवर सुंदररावांचं नाव पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेलं आहे, ते रॉकेलने पुसता पुसता माझी बोटं गेली.

माझा नेम तुला माहीत आहेच. दुपारी आप्पा जेवून आडवे झाले, की दोन ते चार दुकान बंद आणि मागची खोली माझी. एका वेळी दोनच रेकॉर्डी धुवायच्या, रिठ्याच्या पाण्याने, आणि आप्पांच्या जुन्या धोतराने टिपायच्या. मग वहीत नंबर लिहायचा, वर्तमानपत्राचं पाकीट शिवायचं आणि मग उलट्या घमेल्यावर बसून ऐकायचं. दस्तगीरचाचांनी सौदीतून, जेद्दाहून आणलेलं रेकॉर्डचं मशीन अजून ठणठणीत आहे. सुई उडू नये म्हणून दांडीवर चार आणे ठेवावे लागतात, आणि सोबतचा ट्रान्सफॉर्मर तापतो, बाकी तक्रार नाही. यातली बरीच गाणी रेडिओवर लागतात तेव्हा पळत पळत लागतात. आप्पांचं म्हणणं तेच जुनं, की रेडिओवाल्यांना बातम्या आणि जाहिराती उरकायच्या असतात म्हणून ते गाणी पळवतात, खरं गाणं ऐकायचं तर रेकॉर्डवरच.

आणि हे फक्त तुला. मी औरंगाबाद आकाशवाणीच्या तरुणांच्या कार्यक्रमात, युववाणीत गाण्यासाठी अर्ज टाकला आहे, आधी आवाजाची परीक्षा घेतात. गाणं अर्थातच शालिनी टिपऱ्यांचं, कंदिलाचं. पण माझ्या रेकॉर्डची शेवटच्या कडव्यात काय दशा आहे ते तू जाणतोस. आप्पांनी वाढदिवसाला ती आणली आणि भांड्यावर नाव घालतात त्याच मशीनने मधल्या लेबलाच्या कडेला टिंबाटिंबांनी ‘चि. रुचिका’ कोरून दिलं. नाव छान आलं, पण शेवटचं अक्षर गाण्यात घुसलं. तिथे सुई अडते आणि तेच दोन शब्द तीनदा म्हणते. मला सवय झाली आहे, मीही तीनदाच म्हणते. तरी पण धड रेकॉर्ड एकदा ऐकावी असं वाटतं. पुण्याच्या जुन्या बाजारात बघशील का?

आईचे आशीर्वाद. लोभ आहेच, तो पावसाळ्यात विरघळू देऊ नकोस.

तुझी,
रुचिका


पुणे
३ जुलै १९९४

चि. रुचिकास,
अ. उ. आ.

आज रविवार, सकाळीच जुन्या बाजारात गेलो. कुलपं, चष्मे, घड्याळांचे पट्टे यांच्या गर्दीत एक म्हातारे गृहस्थ रेकॉर्डी मांडून बसतात. शालिनी टिपरे म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी त्यांच्या माहेरचा माणूस. तासाभराने मिळाली. पाकिटासकट, कोरी करकरीत.

पण एक घोटाळा आहे. मी त्यांना ती लावायला सांगितली. चाल आपलीच, शब्द आपलेच, पण आवाज टिपरेबाईंचा नव्हे. कुणी बारीक आवाजाची मुलगी भराभर गाते आहे. मी म्हटलं की कंपनीने लेबल चुकीचं चिकटवलं असावं. ते गृहस्थ म्हणाले की हाच टिपरेबाईंचा आवाज, चाळीस वर्षं ऐकतोय. मी हो म्हटलं आणि बाहेर पडलो, पण डोक्यात गोंधळ घेऊन.

तेव्हा तू असं कर. तुझ्या रेकॉर्डच्या लेबलवरचा नंबर कळव. माझ्या हातातल्या रेकॉर्डचा ४४१७ आहे. आणि टिपरेबाईंचा आवाज कसा आहे तेही एकदा नीट लिही. मी तो चार वर्षांत ऐकलेला नाही. कदाचित मीच विसरलो असेन. इथे सगळंच घाईत असतं. लोक चहा पितात तोही पळता पळता, आणि कॅसेटमधली गाणीसुद्धा मला घाईतच वाटतात. आल्यापासून हेच वाटतंय. पुण्याचं पाणी असेल.

युववाणीचं ऐकून फार आनंद झाला. आप्पांना सांगून टाक, त्यांच्यापासून काय लपवतेस. थोरल्यांना नमस्कार, तुला माझी माया.

तुझा,
विशूदादा


माजलगाव
११ जुलै १९९४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

नंबर ४४१७ च आहे. वहीत पाहिला, मग रेकॉर्डवर पाहिला, मग आईला पाहायला लावला. आता गोंधळ माझ्याकडे आला. एकाच नंबरावर दोन बायका कशा गातील?

आवाज कसा आहे विचारतोस. जाड आहे, दादा. घट्ट, खालचा, थोडा खरखरीत, पण कुठे अडत नाही. मोठ्या हंड्यात पाणी ओतताना येतो तसा. बाई कुठेही घाई करत नाहीत. एका शब्दावर उभ्या राहतात, तुमचं ऐकून झालं की पुढे जातात.

तुला कळलं असेलच, आठवीत बाईंनी मला प्रार्थनेच्या वेळी मागच्या रांगेत उभं केलं होतं. सांगितलं होतं की तू फक्त ओठ हलव, आवाज काढू नकोस, तुझा आवाज मुलीसारखा नाही. त्यानंतर मी न्हाणीघरातसुद्धा गुणगुणले नाही. मग आप्पांनी ही रेकॉर्ड आणली. पहिली ओळ ऐकली आणि मी घमेल्यावरून उठूनच उभी राहिले. माझ्यासारख्या आवाजाची एक बाई होती! तिची रेकॉर्ड निघाली होती, पाकिटावर तिचा फोटो होता, ती हसत होती! त्या दिवसापासून मी गाते आहे. कुणी काही बोललं तर मनात म्हणते की टिपरेबाईंना जाऊन सांगा. म्हणून या गाण्याशिवाय दुसरं गाणं मी परीक्षेला म्हणू शकत नाही, आणि म्हणणारही नाही.

बोलावणं आलं आहे. १२ ऑगस्ट, शुक्रवार, सकाळी अकरा. आप्पांना सांगितलं. त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितलं. आश्रुबा मास्तर रोज संध्याकाळी हार्मोनियम घेऊन येतात. त्यांचं एकच गाऱ्हाणं आहे, की रेकॉर्डची पट्टी त्यांच्या पेटीवर कुठेच नीट बसत नाही. पांढरी चारच्या जवळ येते पण जरा खालीच राहते. शेवटी त्यांनी पेटीच उतरली असेल म्हणून सोडून दिलं आणि आम्ही पांढरी चार धरली.

तुझी रेकॉर्ड मात्र लवकर पाठव. ती दुसरी बाई कोण आहे ते मला ऐकायचंच आहे. तुझ्या मायेच्या भरवशावर,

रुचिका


पुणे
१७ जुलै १९९४

ती. आप्पांच्या चरणी,
विश्वेश्वरचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

हे पत्र दुकानाच्या पत्त्यावर मुद्दाम टाकलं आहे. रुचिकाच्या हाती देऊ नये.

टिपरेबाईंच्या रेकॉर्डचा घोटाळा तिने तुम्हाला सांगितला असेल. तो मला उलगडला आहे आणि उलगडल्यापासून घास गोड लागत नाही. आमच्या कंपनीत एक जुने मेकॅनिक आहेत, त्यांना मी आपल्या मशीनचं वर्णन सांगितलं. त्यांनी पहिलाच प्रश्न केला की मशीन सौदीचं का. तिकडच्या विजेचे ठोके सेकंदाला साठ असतात, आपल्याकडे पन्नास. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट जुळतात, ठोके जुळत नाहीत. त्यामुळे ते मशीन आपल्याकडे आल्यापासून सहात एक भाग हळू फिरतंय. हळू फिरलं की आवाजही खाली उतरतो. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेतला आणि घरातलं एवढं कळलं नाही, याची लाज वाटते.

म्हणजे आप्पा, रेडिओवाले गाणी पळवत नाहीत. आपणच हळू ऐकत आलो. आणि टिपरेबाईंचा आवाज जाड नाही. बारीक आहे, चारचौघींसारखा. रुचिका ज्या आवाजाच्या आधाराने उभी आहे, तो आवाज कुणाचाच नाही. आपल्या मशीनने तयार केलेला आहे.

मोटरवर बसवायचं योग्य मापाचं पितळी चाक मी इथे लेथवर करून घेऊ शकतो, पाच मिनिटांत बसेल. पण तिला सांगायचं कसं? परीक्षेला चार आठवडे राहिलेत. सांगितलं तर ती जायची नाही. नाही सांगितलं आणि तिथे कुणी बोललं, तर ती आपल्या दोघांना कधी माफ करायची नाही. मला काही सुचत नाही. तुम्ही सांगाल तसं करतो.

आपल्या आशीर्वादाचा भुकेला,
विश्वेश्वर


॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥
माजलगाव, २३ जुलै १९९४

चि. विश्वेश्वर यास,
अ. उ. आ. इकडे सर्व ठीक. तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा राग आला. पुण्याला जाऊन लई शहाणा झालास असं वाटलं. दस्तगीर माझा लहानपणीचा दोस्त, तो मला खोटं मशीन काहून देईल? त्याला बोलावलं. त्याने कानाला हात लावला, म्हणाला की राजेश्वर, तिकडे लई गोड वाजायचं, इकडच्या विजेचा स्वभाव मला काय माहीत.

मग मी स्वतः तपासलं. रेडिओवर लागलेलं एक गाणं घड्याळ लावून मोजलं आणि तेच आपल्या रेकॉर्डवर मोजलं. फरक आला. तीन गाण्यांचा आला. टिपरेबाईंचं आपल्याकडे तीन मिनिटं त्रेपन्न सेकंद चालतं. तुझ्याकडचं किती ते कळव. गेली आठ वर्षं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ठासून सांगत आलो की रेडिओवाले गाणी पळवतात. भांडी घ्यायला आलेल्या मास्तरलोकांना सांगितलं, एका तहसीलदारालाही सांगितलं. कुणी हसलं कसं न्हाई? आता दुकानात बसलो तरी चुकल्यासारखं होतं. वजनाच्या मापावरचासुद्धा विश्वास उडाल्यासारखा झालाय.

पण ते माझं मी बघीन. पोरीचं ऐक. आठवीतून ती घरी आली आणि गप्प झाली, तेव्हा तू हॉस्टेलला होतास. तुला ते दिवस माहीत न्हाईत. भांड्यांच्या दुकानात दिवसभर खणखणाट असतो, तरी मला घर मुकं वाटायचं. मी ती रेकॉर्ड आवाज बघून आणली नव्हती. बाजारात मिळाली, फोटोतली बाई हसरी होती, म्हणून आणली. मशीनने काही का केलं असेना, पोरगी बोलती झाली. आता हे मशीनच खोटं होतं असं तिला मी कोणत्या तोंडाने सांगू?

तेव्हा परीक्षा होईपर्यंत तू तोंड उघडायचं न्हाई. रेकॉर्ड पाठवायची न्हाई. चाक करून ठेव, पण आणू नको. हे बरोबर की चूक मला कळत न्हाई. चूक असेल तर ती माझ्या नावावर घाल. आईची आठवण. जेवत जा.

तुझा,
आप्पा


माजलगाव
१ ऑगस्ट १९९४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू गप्प का झालास? तीन आठवड्यांत ना पत्र, ना रेकॉर्ड.

इकडे घरात काय चाललंय ते मला समजेनासं झालंय. आप्पा हल्ली दुपारी झोपत नाहीत. मागच्या खोलीत येतात, हातात घड्याळ, आणि कंदिलाचं गाणं लाव म्हणतात. लावलं की गाण्याकडे लक्ष नसतं, काट्याकडे असतं. संपलं की कागदावर काही लिहून खिशात घालतात. परवा दस्तगीरचाचा आले होते. दोघं गल्ल्याशी बसून कुजबुजत होते आणि मी चहा घेऊन गेल्यावर एकदम पावसावर बोलायला लागले. काल रेडिओवर गाणं लागलं तर मी सवयीने म्हटलं की बघा आप्पा, पळवतायत. आप्पा हसले नाहीत. रेडिओ बंद करून दुकानात गेले. आईला विचारलं तर ती म्हणते की माणसाचं वय होतं, घड्याळ बघावंसं वाटतं.

दादा, मला एकच शंका येते. माझं कुठे जमवताय का? आणि मुलाकडच्यांना रेडिओवर गाणारी मुलगी नको आहे का? तसं असेल तर सरळ सांग. आप्पा रोज वेळ मोजतात ती मला उशीर होतोय म्हणून मोजतात की काय, असंही मनात आलं. मी भलतंच लिहितेय, पण मला सांगतंय कोण?

परीक्षेला अकरा दिवस उरले. गाणं पाठ आहे. रेकॉर्ड पाठवणार होतास ती पाठव. नाहीतर का पाठवत नाहीस ते तरी लिही.

रागावलेली, तरी तुझीच,
रुचिका


पुणे
५ ऑगस्ट १९९४

चि. रुचिकास,
अ. उ. आ.

तुझं कुठेही जमवत नाही, जमवायचं झालं तर आधी तुला विचारू. आप्पांच्या घड्याळाचं त्यांचं त्यांना माहीत. रेकॉर्ड मी सायकलच्या कॅरिअरला बांधून नेत होतो, ती पडली आणि फुटली. वाईट वाटून लिहायचं राहिलं.

तू घरी गातेस तसंच तिथे गा. कुणासारखं गायचं आहे असं मनात आणू नकोस. एवढंच सांगायचं होतं. यश घेऊन ये, माझा हात तुझ्या पाठीवर आहे.

तुझा,
विशूदादा


माजलगाव
१५ ऑगस्ट १९९४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी रेकॉर्ड फुटलेली नाही. मला सगळं कळलं आहे. तरी पण रागवायचं की रडायचं हे ठरत नाही म्हणून आधी काय झालं ते क्रमाने लिहिते.

शुक्रवारी आप्पा आणि मी पहाटेच्या गाडीने निघालो. आप्पांनी नवं धोतर नेसलं होतं. आकाशवाणीत एक फार प्रेमळ मॅडम होत्या. त्यांनी अर्ज पाहिला आणि आनंदून म्हणाल्या की टिपरेबाईंचं गाणं आता कुणी म्हणत नाही, आमच्या लायब्ररीत रेकॉर्ड आहे, वादकांना चाल कळावी म्हणून एकदा लावू. लावली.

दादा, आधी मला वाटलं की त्यांचं मशीन बिघडलंय. मी तसं बोललेसुद्धा! मी त्या मॅडमना अगदी अदबीने म्हटलं की रागावू नका, पण तुम्ही लोक गाणी पळवता, एवढी एक तरी सावकाश लावा. त्या हसल्या. मग माझं तोंड पाहून थांबल्या. त्यांनी मला जवळ नेऊन फिरणाऱ्या तबकडीवरच्या खुणा दाखवल्या, वेग बरोबर असला की त्या खुणा स्थिर दिसतात. स्थिर होत्या. आणि आत ती बारीक आवाजाची मुलगी गात होती. शेवटच्या कडव्यातले दोन शब्द ती एकदाच म्हणाली आणि पुढे निघून गेली.

मी वळून आप्पांकडे पाहिलं. ते काचेपलीकडे बाकावर बसले होते, मान खाली घालून, मुठीत घड्याळ. तेव्हा मला घड्याळाचं कळलं, दस्तगीरचाचांचं कळलं आणि तुझ्या सायकलचंही कळलं. वाटलं की आत्ताच्या आत्ता बाहेर पडावं. आठवीतल्या बाई बरोबर होत्या, असा आवाज कुणाचा नसतोच, हेच डोक्यात वाजत होतं.

इतक्यात पेटीवाल्या काकांनी विचारलं की पट्टी काळी चारच ना, टिपरेबाईंचीच. माझ्या तोंडून पांढरी चार असं निघून गेलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मुलींना फार खाली जाते ती, जमेल ना? मी हो म्हटलं. धीर आला होता म्हणून नाही. मला दुसरी पट्टी येतच नव्हती.

मग मी गायले. पहिल्या ओळीला मी डोळे मिटले. नेहमी मी डोळे मिटते तेव्हा पाकिटावरच्या बाई दिसतात, त्या दिवशी कुणीच दिसेना. दुसऱ्या ओळीला लक्षात आलं की तो आवाज येतोच आहे. जाड, खालचा, सावकाश. मशीन माजलगावला होतं, टिपरेबाई त्या पाकिटात होत्या, आणि आवाज त्या खोलीत होता. दादा, तो मीच काढत होते. इतकी वर्षं मी त्यांची नक्कल करते असं समजत होते, आणि त्या तर तशा गातच नव्हत्या. मग मी शिकले कुणाकडून? मला अजून नीट कळलेलं नाही. तुला कळलं तर लिही, पण खरं लिही.

ते दोन शब्द मी तीनदाच म्हटले. तबलजी चमकले, पण सांभाळून घेतलं. मॅडम म्हणाल्या की हे नवीनच होतं, कुणी बसवलं? मी सांगितलं की वडिलांनी.

येताना गाडी बीडला थांबली. मग आप्पांच्या मुठीतलं घड्याळ काढून घेतलं आणि त्यांच्या मनगटाला बांधलं. आप्पा खिडकीकडे तोंड करून रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. चूक माझी हाय, एवढंच म्हणाले. कोणती चूक ते मी विचारलं नाही, मलाही मोजता आली नसती.

तुझ्यावर मात्र राग आहे. सायकल तुझ्याकडे आहेच कुठे, ती तू मार्चमध्येच विकलीस! दिवाळीला रेकॉर्ड घेऊन ये, ती बाईही आता माझ्या वहीत येऊ दे. खोटं बोलणाऱ्या भावावरही लोभ ठेवणारी,

रुचिका


॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥
माजलगाव, २६ सप्टेंबर १९९४

चि. विश्वेश्वर यास,
अ. उ. आ. पुण्याला औरंगाबाद स्टेशन लागत न्हाई असं तू कळवलंस, म्हणून हे पत्र.

काल संध्याकाळी युववाणीत आपल्या रुचिकाचं गाणं लागलं. मी दुकान उघडंच ठेवलं आणि रेडिओ मापाच्या शेजारी मांडला. दस्तगीर आला, आश्रुबा मास्तर आले, सुंदररावही आपली केबल सोडून आला. गिऱ्हाइकं उभी होती, त्यांना सांगितलं की भांड्याला हात लावायचा न्हाई, आवाज होतो. तुझी आई आतून येऊन दाराशी उभी राहिली. रुचिका स्वतः मागच्या खोलीत जाऊन बसली, तिला ऐकवेना.

निवेदकाने तिचं नाव घेतलं, गावाचं नाव घेतलं. मग तो आवाज आला. मी रोज ऐकतो तोच. सुंदरराव म्हणाला की ही तर तुमच्या रेकॉर्डवाली बाई हाय. मी म्हणालो, न्हाई, ही आमची पोरगी हाय.

मी सवयीने घड्याळ लावलं होतं. तीन मिनिटं एक्कावन्न सेकंद. दोन सेकंदांचा फरक माझ्या घड्याळाचा समज. रेडिओवाल्यांनी आपल्या पोरीचं गाणं पळवलं न्हाई. हे मी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं, आणि कुणी हसलं तरी माझं काही म्हणणं न्हाई.

शेवटच्या कडव्यात ते दोन शब्द आले. एकदा, दोनदा, तीनदा. आश्रुबा मास्तरांनी मान हलवली, त्यांना ती गायकी वाटली. मी खाली बघितलं. ज्या जागी माझं नाव घालायचं मशीन घसरलं होतं, ती जागा साऱ्या मराठवाड्याने ऐकली. तिथे तिचं नाव कोरलेलं हाय हे कुणाला ठाऊक न्हाई, आपल्या घरात ठाऊक हाय.

रुचिकाचं म्हणणं की चाक दिवाळीला आण, पण आल्या आल्या बसवू नको. दोन्ही बायका ऐकायच्या म्हणते, आधी चाकाशिवाय ही, मग चाक बसवून ती. मला यातलं निम्मंच समजतं. पण तू ते चाक आणलंस आणि ती नको म्हणाली, तर मी पितळ म्हणून मोडीत घेईन, चिंता करू नको.

बाकी सर्व क्षेम. तुझ्या आईचा आशीर्वाद. पुण्यात राहतोस तरी जेवण, चहा सावकाश करत जा. आमची माया तुझ्यापाशी पोचायला चार दिवस लागतात, पण पोचते.

तुझा,
आप्पा